अर्धं ओढलेलं शटर

मडगावच्या बाजारात दुपारी एक वाजला की बरीच शटरं अर्ध्यावर येतात. आत अंधारात पंखा घरघरतो आणि गल्ल्यावरचा माणूस जरा पाठ टेकतो. ही वामकुक्षी सक्तीची करावी, असं गोव्यातले राजकारणी विजय सरदेसाई यांनी २०२१ साली सुचवलं होतं. वेळ दोन ते चार. मला ते मनापासून पटतं, पण मालकासाठी नव्हे. मालक हवं तेव्हा शटर ओढू शकतो, सकाळपासून उभा असलेला पोऱ्या नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन भर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. मोडली तर दंड. आपल्याकडेही तसंच व्हावं. औषधांची दुकानं तेवढी उघडी राहोत, आणि बंद तासांचा पगार कुणी कापू नये.