सातपुड्याची मधली पिढी

जून उजाडला की खड्डे मोजायला सुरुवात होते. कोणत्या विभागाने किती रोपे लावली, कोणत्या शाळेने किती दत्तक घेतली, याच्या बातम्या जुलैअखेर येत राहतात. १९५० मध्ये क. मा. मुन्शी केंद्रीय कृषिमंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातली जगली किती, हे तपासायला पुढे विधिमंडळाची समिती नेमावी लागली.

या हिशेबात एक झाड मात्र मोजले जात नाही. कोणी न लावता, मातीत पडलेल्या बीपासून किंवा जुन्या मुळापासून आपोआप उगवणारे झाड. सातपुड्याचे जंगल पुढच्या पन्नास वर्षांत राहील की नाही, हे याच झाडावर ठरणार आहे.

भुसावळहून तापी ओलांडून यावलकडे निघाले की उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. तिच्या कुशीत, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून यावल अभयारण्य आहे. १९६९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. हे कोकणासारखे दाट, ओले रान नव्हे. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस आणि खान्देशाची ओळख असलेला अंजन यांचे हे पानगळीचे, विरळ जंगल. झाडांच्या मधून ऊन जमिनीवर पोहोचते, त्यामुळे खाली गवत वाढते. झाडे आणि गवत असे दोघेही एकाच जागी नांदतात, अशा रानाला शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात. सातपुड्याचा बराचसा कोरडा उतार या सॅव्हानाच्या जवळचा आहे.

अशा रानात झाड कसे वाढते, हे अंजनाकडून शिकावे. त्याच्या चपट्या, पंखासारख्या शेंगा एप्रिल-मे महिन्यांत वाऱ्यावर उडतात. भरघोस बी दर वर्षी येत नाही, काही वर्षांच्या अंतराने येते. अशा वर्षी पहिल्या पावसानंतर झाडाखाली रोपांचा गालिचा पसरतो. पण यातली बहुतेक रोपे पुढचा उन्हाळा पाहत नाहीत. जी तगतात, ती आधी वर वाढण्याऐवजी खाली वाढतात. सोटमूळ ओलावा शोधत खोल जाते. उन्हाळ्यात वरचा कोंब वाळतो, पावसाळ्यात मुळातून नवा फुटतो. वीतभर दिसणारे रोप प्रत्यक्षात कित्येक वर्षांचे असू शकते. पळस आणि तेंदूही मुळांच्या जोरावर असेच तग धरतात.

म्हणजे रोपे नाहीत, ही अडचण नसते. अडचण पुढे आहे. त्या रोपाला एकदा तरी माणसाच्या उंचीच्या वर जायला मिळावे लागते. तिथे गवताच्या आगीची ज्वाळा शेंड्याला पोहोचत नाही आणि शेळीचे तोंडही. त्यासाठी बरे पाऊस आणि आगीविना जाणारी सलग तीन-चार वर्षे लागतात. दर वर्षी वणवा लागला, तर रोप दर वर्षी जमिनीपासून पुन्हा सुरुवात करते. ते मरत नाही, पण मोठेही होत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून ठरावीक तुकडे वेगवेगळ्या अंतराने जाळून पाहण्याचा प्रयोग चालू आहे. चार दशकांच्या नोंदींतून दिसले ते असे: वारंवार आग लागल्याने झाडांची संख्या फारशी बदलली नाही, त्यांची उंची बदलली. झुडपे राहिली, झाडे झाली नाहीत. हे समजले की आपल्याकडचे जंगल वेगळ्या नजरेने पाहता येते. वर जुनी उंच झाडे, खाली गुडघाभर रोपे आणि मधे काहीच नाही, असे चित्र दिसले तर ते रान म्हातारे होत आहे, असे समजावे. आज ते हिरवे दिसेल. जुनी झाडे पडू लागतील, तेव्हा त्यांची जागा घ्यायला मधली पिढी नसेल.

ही पिढी कुठे अडते? पहिले कारण आग. आपल्या कोरड्या जंगलातले बहुतेक वणवे माणसामुळे लागतात. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला कोवळी पाने यावीत, गुरांना नवे गवत मिळावे म्हणूनही जाळतात. मोहाचे तर दुहेरी नुकसान होते. खाली आग, आणि तेलासाठी बियाही उचललेल्या. मोहाचे बी थोड्याच आठवड्यांत उगवण्याची ताकद गमावते, त्यामुळे मागे साठा उरत नाही.

दुसरे कारण चराई आणि तोड. अंजनाचा पाला जनावरांना आवडतो, म्हणून फांद्या छाटल्या जातात आणि बी धरण्याआधीच झाड थकते. तिसरे कारण अतिक्रमण. जमीन नांगरली की मुळेही जातात आणि जुन्या मुळातून फुटण्याची शक्यता कायमची संपते.

पण पावरा, बारेला, भिल्ल, तडवी कुटुंबांच्या उन्हाळी कमाईत मोह आणि तेंदूचा मोठा वाटा असतो. नुसती बंदी घालून आग थांबत नाही. शिवाय चराई पूर्ण बंद केली आणि गवत कापून नेले नाही, तर ते उभे वाळते आणि पुढची आग अधिक भडकते. म्हणून उपाय लोकांना बाहेर काढून करता येत नाही. पाला पेटवण्याऐवजी झाडून काढणे, मोहाखाली जाळी बांधणे, गवत कापून नेण्याची मुभा देणे, जाळरेषा वेळेवर काढणे, अशी साधी कामे लागतात. त्यांची मजुरी मात्र द्यावी लागते.

हे जमते, याचा दाखला खान्देशातच आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, राखण ठेवली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला. सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावाने राखले. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याला यावलपेक्षा पाऊस जास्त, त्यामुळे तिथला वेग इथे मिळणार नाही. तत्त्व मात्र तेच आहे. पश्चिम आफ्रिकेतील नायजरमध्ये तर पाऊस आपल्याहून कमी. तिथे १९८३ पासून टोनी रिनाउडो यांनी शेतकऱ्यांना शेतातल्या जुन्या खुंटांना फुटलेले कोंब निवडून राखायला शिकवले. दोनेक दशकांत सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर झाडे परतली. रिनाउडो त्याला जमिनीखालचे जंगल म्हणतात.

आता धोरणाकडे पाहू. केंद्राच्या हरित क्रेडिट योजनेत २०२४ मध्ये हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बदलून पाच वर्षांचे संगोपन आणि किमान ४० टक्के छत्र-घनता हा निकष आला. रोपांच्या संख्येवरून टिकण्याकडे लक्ष गेले, हे चांगले झाले. पण सगळ्या कोरड्या रानाला ४० टक्क्यांची फूटपट्टी लावणे चुकीचे आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातील वनस्पतींच्या उल्लेखांवरून दाखवले आहे, की पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ, विरळ झाडीची राने किमान साडेसातशे वर्षे जुनी आहेत. ती उजाड झालेली जंगले नव्हेत. जिथे मुळात गवत आहे तिथे खड्डे खोदून गर्दी करू नये, आणि जिथे झाडांची मुळे जिवंत आहेत तिथे त्यांना वाढू द्यावे.

हा प्रश्न डोंगरापुरता नाही. चोपडा, यावल, रावेरच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा बझाडा पट्टा आहे. सातपुड्यावरून उतरणारे पाणी तिथे जमिनीत मुरते आणि त्याच पाण्यावर आपली केळी उभी आहे. विहिरी, बोअर दर वर्षी खोल जात असताना वरच्या उतारावर माती धरून ठेवणारी झाडे असणे, ही केळीबागेचीच गरज आहे.

म्हणून मागणी साधी आहे. यावल अभयारण्यात काही ठरावीक तुकडे आखावेत आणि पाळीपाळीने त्यांना चार-पाच वर्षे आगीपासून वाचवावे. प्रत्येक तुकड्यात गुडघाभर, पुरुषभर आणि त्याहून उंच रोपे किती, याची दर वर्षी मोजणी व्हावी. ती गावकऱ्यांकडून, मजुरी देऊन करून घ्यावी. जुलैमध्ये लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो, त्याच दिवशी पुरुषभर उंची गाठलेल्या रोपांचाही आकडा जाहीर व्हावा.