रंगरेषा : भिंतीवरून कागदावर



आपल्या आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून निघून राज्याच्या पार पश्चिम टोकाला गेलात, की डहाणू तालुक्यातलं गंजाड गाव लागतं. आपल्याकडे माडिया, तसे तिकडे वारली. लग्नघरात सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हे काम बायकांचं, तेही लग्नापुरतं!

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची आई लहानपणीच गेली. धक्क्याने त्यांचं बोलणं थांबलं. मग मनातलं ते धुळीत चित्रं काढून सांगू लागले. मोठेपणी, १९७०च्या दशकात, त्यांची चित्रं कागदावर आणि कापडावर आली. पांढरा रंग तोच, दोन त्रिकोणांची माणसंही तीच. पण विषय त्यांच्या मनातले. एका चित्रात तर सगळीकडे पसरलेलं मासे पकडायचं जाळंच! २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

मग परंपरा मोडली का? छे! रेषा आजीची, गोष्ट स्वतःची.

आता तुम्ही आजीला विचारा, ती भिंतीवर, अंगणात काय काढायची? त्यातला एक आकार घ्या आणि त्यातून आपली आजची गोष्ट सांगा. पावसात अडकलेली एसटीसुद्धा चालेल!