चिंध्यांचा कोट

दोस्तांनो, डॉक्टरांची फी म्हणून कुणी पीठ दिल्याचं ऐकलंय? १९ जानेवारी १९४६ रोजी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, स्मोकी डोंगराच्या कुशीत एक मुलगी जन्मली. घरात पैसे नव्हते. वडिलांनी डॉक्टरांना मक्याच्या पिठाचं पोतं दिलं! ही मुलगी म्हणजे जगप्रसिद्ध गायिका डॉली पार्टन.

बारा भावंडांतली ती चौथी. घर एका खोलीचं. वडील शेतात राबायचे, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. एकदा आईनं मिळालेल्या चिंध्या जोडून डॉलीला कोट शिवला. आपल्याकडे आजी गोधडी शिवते ना, तसाच रंगीबेरंगी! डॉली तो घालून ऐटीत शाळेत गेली, तर मुलं फिदीफिदी हसली. तो अपमान ती विसरली नाही. पण तिनं त्याचं रडगाणं केलं नाही, गाणं केलं! १९७१ साली आलेलं ते गाणं खूप गाजलं.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या या संगीताला ‘कंट्री’ म्हणतात. डॉलीला आठव्या वर्षी मामानं गिटार दिली. दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिल शहरात रेडिओवर गाऊ लागली. १९६४ साली शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं संगीताचं माहेरघर असलेलं नॅशव्हिल गाठलं.

पुढे तिचं एक गाणं थेट एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. केवढा मान! पण त्याच्या मॅनेजरनं गाण्याच्या हक्कांतला अर्धा वाटा मागितला. डॉली रात्रभर रडली, पण ‘नाही’ म्हणाली. १९९२ साली तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टननं ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटात गायलं आणि अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं! हक्क अर्थातच डॉलीकडे होते.

मग या पैशांचं तिनं काय केलं? अक्षरओळख नसलेल्या वडिलांना स्मरून १९९५ साली तिनं आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना दरमहा एक पुस्तक घरपोच, फुकट पाठवायला सुरुवात केली. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची ही योजना पुढे पाच देशांत पसरली. २०२३ सालापर्यंत २० कोटींहून जास्त पुस्तकं वाटली गेली! मुलं तिला ‘बुक लेडी’ म्हणू लागली, तेव्हा वडिलांना कोण अभिमान वाटला!

तेव्हा दोस्तांनो, उद्या वर्गात कुणी ठिगळाचा सदरा घालून आलं, तर हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. कोण जाणे, एखादं छान गाणं ऐकायला मिळेल!