विज्ञान एक की तीन?

आमच्या पालकसभांमध्ये गेली काही वर्षे एक सूचना वारंवार पुढे येते. नववीपासून हुशार मुलांची वेगळी तुकडी करावी, तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र स्वतंत्रपणे शिकवावे आणि उरलेल्यांना एकत्रित विज्ञान पुरे, असे काही हितचिंतक सुचवतात. अकरावीत आपली मुले मागे पडतात, ही त्यामागची काळजी खरी आहे. सुचवलेला उपाय मात्र आम्हांला मान्य नाही.

राज्य मंडळाच्या दहावीत ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हा विषय एक असला, तरी पुस्तके दोन आहेत. पहिल्या भागात गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे. दुसऱ्यात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र. प्रत्येक भागाचे लेखी ४० गुण आणि प्रात्यक्षिकाचे २०. गुणपत्रिकेवर मात्र शंभरापैकी एकच आकडा येतो, आणि अडचण त्या आकड्यात आहे. समजा, एखाद्या मुलीला दुसऱ्या भागात ३७, पहिल्या भागात २२ आणि प्रात्यक्षिकात १९ गुण पडले. पत्रिकेवर ७८ दिसतात. घरी पेढे वाटले जातात, विज्ञान शाखेचा अर्ज भरला जातो. तिचे भौतिकशास्त्र कच्चे आहे, हे अकरावीच्या पहिल्या चाचणीपर्यंत कोणाच्याही ध्यानात येत नाही. तोवर पुस्तकाची भाषाही बदललेली असते. मराठी माध्यमात शिकलेला ‘संवेग’ म्हणजेच ‘मोमेंटम’, हे सांगायला तेथे कोणी थांबत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली होती. त्याच आयोगाने असेही नोंदवले होते की, प्राथमिक स्तरावर ‘सामान्य विज्ञान’ म्हणून सारे एकत्र शिकवल्याने विषयाला आकार राहत नाही. शाखांनुसार शिकवणे अधिक परिणामकारक ठरेल. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. परीक्षा सर्वांची एकच असावी. शिकवणे मात्र तीन शास्त्रांचे, त्या त्या विषयाच्या शिक्षकाने, आणि तेही सर्व मुलांना.

तुकड्या पाडण्यास आमचा विरोध अधिक जुन्या कारणासाठी आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. आज असे उघडपणे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘तिला झेपेल तेवढेच द्या’ या मायेच्या बोलण्यातूनही तेच घडू शकते, आणि हे बोलणे पुष्कळदा आपल्याच घरातले असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाची कुवत ठरवून टाकण्याची घाई कशासाठी? गणित ठेवावे की जीवशास्त्र, हा प्रश्न अकरावीच्या अर्जाबरोबर येतोच. तेथेही निम्मे निर्णय मित्राने काय घेतले, यावरूनच होतात.

आमच्या वसतिगृहातील मुलांच्या प्रगतिपुस्तकात विज्ञानाचे तीन रकाने आम्ही आता स्वतंत्र मांडतो. पालकांनी एकूण गुणांआधी ते पाहावेत. उणीव आहे ती प्रयोगांची. ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले. आमची मुले मात्र बहिर्वक्र भिंगाची प्रतिमा फळ्यावरच्या आकृतीवरून मान्य करतात, कारण एका मेजाभोवती दहा-बारा जण उभे असतात. माजी विद्यार्थ्यांमध्ये अभियंते आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत. त्यांनी महिन्यातील एक रविवार दिला आणि भिंगे, विद्युत मंडलाचे साहित्य यांची थोडी भर घातली, तर पहिली सत्र परीक्षा येण्याआधी नववीच्या प्रत्येक मुलाच्या हातून हे प्रयोग होऊ शकतील.