बाटलीत काय आहे, हा प्रश्न अर्धाच

बाळ दीड महिन्याचं झालं, पेंटाव्हॅलंट लशीची तारीख जवळ आली, की हल्ली आई-बाबांच्या मोबाइलवर एक यादी येऊन पडते. पारा, अ‍ॅल्युमिनियम, फॉर्मलिन. खाली सवाल: ‘हे तुम्ही तुमच्या बाळाला द्याल?’ ती यादी घेऊन कुणी दवाखान्यात गेलंच, तर बरेचदा उत्तर मिळतं, ‘व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टर झालात का?’ पालक गप्प बसतात, भीती मात्र तशीच घरी घेऊन येतात. हे उत्तर उर्मट तर आहेच, शिवाय चुकीचं आहे. धडधाकट लेकराच्या मांडीत सुई टोचताना आत काय जातंय हे विचारणं हा पालकांचा हक्कच आहे. माझा आक्षेप प्रश्नाला नाही, तो अर्ध्यावर सोडण्याला आहे. काय आहे, एवढंच विचारून भागत नाही. किती आहे आणि कशासाठी आहे, हेही विचारायला हवं.

पाऱ्यापासून सुरुवात करू. पेंटाव्हॅलंटच्या दहा डोसांच्या बाटलीत थायोमर्सल हे पारा असलेलं जंतुनाशक असतं आणि त्यातून एका डोसमागे जास्तीत जास्त 25 मायक्रोग्रॅम पारा शरीरात जातो. ही गोष्ट लपवायचं काहीच कारण नाही. पण हा इथाइल पारा. माशांमधून पोटात जाणारा, साठत राहणारा आणि मेंदूला घातक ठरणारा तो मिथाइल पारा. नावातल्या एका अक्षराने काय होतं, असं मुंबईकराने तरी म्हणू नये. 2015 साली मालवणीत शंभरावर माणसं दारूतल्या मिथाइल अल्कोहोलने गेली, इथाइलने नव्हे. लशीतला पारा रक्तातून काही दिवसांत निम्मा उतरतो, माशातल्याला दीड-दोन महिने लागतात.

पण तो घालायचाच कशाला? याचं उत्तर परळला सापडतं. 1902 साली हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतली प्लेगची लस पंजाबातल्या मुलकोवाल गावी गेली. एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली. लस बनवण्याच्या नव्या पद्धतीत जंतुनाशक कार्बोलिक आम्ल वगळलेलं होतं, म्हणून ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे उलगडलं ते असं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरले, पण त्याला 1907 साल उजाडावं लागलं. 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गला पुन्हा तेच. घटसर्पाच्या लशीची बाटली पुन्हा पुन्हा वापरलेली, आत जंतुनाशक नाही. टोचलेल्या 21 पैकी 12 मुलं दगावली. एका बाटलीत दहा वेळा सुई जाणार असेल तर आत राखणदार हवा, हे शहाणपण असं मुडद्यांवरून आलेलं आहे.

याची दुसरी बाजू आपल्या आरोग्य केंद्रात रोज दिसते. गोवर-रुबेला (एमआर) आणि बीसीजी या जिवंत लशी. त्यांत जंतुनाशक घातलं तर लसच मरेल, म्हणून घालत नाहीत. म्हणूनच सिस्टर बाटलीवर उघडल्याची वेळ लिहितात आणि चार तासांनी उरलेली लस फेकून देतात. ‘आज मुलं कमी आहेत, पुढच्या सत्राला या,’ असं ऐकून चिडणाऱ्या आईला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. आणि गंमत पाहा: ऑटिझमचा बोभाटा झाला तो गोवराच्या ज्या लशीवरून, त्या एमएमआरमध्ये पारा कधीच नव्हता. या लशीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा 1998 चा निबंध ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला. डेन्मार्कने 1992 मध्येच मुलांच्या लशींतून थायोमर्सल काढलं. ऑटिझमच्या नोंदी त्यानंतरही वाढतच राहिल्या.

अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत मात्र लशीच्या बाजूचे लोकही लबाडी करतात. ‘आईच्या दुधात याहून जास्त असतं,’ असं ठोकून देतात. असतं, पण पोटातून त्याचा एक टक्काही रक्तात उतरत नाही. टोचलेलं मात्र सावकाश का होईना, सगळं उतरतं. अशी तुलना पकडली गेली की खरं बोलणाऱ्याचाही विश्वास उडतो. खरं उत्तर वेगळं आहे. डोसमागे मिलिग्रॅमहूनही कमी असलेले हे क्षार प्रतिकारशक्तीला जागं करतात आणि ते 1930 च्या दशकापासून वापरात आहेत. 2025 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी 12 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. लशींतलं अ‍ॅल्युमिनियम वाढलं म्हणून दमा, अ‍ॅलर्जी वा ऑटिझम वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. फॉर्मलिनचं फार मनावर घेऊ नये. लशीत उरणाऱ्या त्याच्या अंशापेक्षा कितीतरी पट फॉर्मल्डिहाइड बाळाच्या स्वतःच्या रक्तात असतं.

मग धोका नाहीच? आहे ना. पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं. दहा लाख डोसांत एखाद्याला तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका येतो. अमेरिकेत 1998 साली आलेली रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची लस आतडं अडकण्याच्या तक्रारींमुळे वर्षभरात मागे घ्यावी लागली. तोंडी पोलिओ लशीतल्या विषाणूनेच क्वचित लुळेपणा येई, म्हणून भारताने 2016 मध्ये त्या लशीतून टाइप-2 काढला आणि जोडीला मृत विषाणूचं इंजेक्शन दिलं. हे सगळं उघडकीला आणलं ते नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेनेच, यादी फिरवणाऱ्यांनी नव्हे.

आणि ज्या धोक्यावर पालकांना खरोखर नजर ठेवता येते, तो यादीत नसतोच. 2021 च्या पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांच्या तोंडात लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं सुदैवाने बचावली. त्यात दोष लशीतल्या घटकाचा नव्हता, हातातल्या बाटलीकडे न पाहण्याचा होता. दुसरीकडे 2022 मध्ये गोवंडीत गोवराने मुलं गेली. त्यातल्या बहुतेकांना लस मिळालीच नव्हती. ‘गोवर काय, येतो नि जातो’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की आधी कमावलेली प्रतिकारशक्तीसुद्धा गोवर पुसून टाकतो.

तेव्हा प्रश्न विचाराच, फक्त पूर्ण विचारा. सिस्टरना म्हणा, ‘ताई, बाटली दाखवता का?’ तिच्यावर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद दिसला तर ती घेऊ नका. लशीचं नाव वाचा, मुदत पाहा, एमआरची बाटली कधी उघडली ते विचारा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. अ‍ॅलर्जीचा झटका आलाच तर बहुधा त्याच अर्ध्या तासात येतो, आणि त्यावरचं अ‍ॅड्रेनलिन केंद्रात असतं, घरी नसतं.