काळं स्वयंपाकघर आणि परत गेलेली गोचरी



आज जरा कडक लिहिणार आहे. आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

तीन वर्षांपूर्वी सावेडीतल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर मी नवीन करून घेतलं. ओट्यामागच्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स जुनाट दिसायच्या, सांधे काळपट पडलेले, भिंतींना तो हिरवा ऑइलपेंट. भिशीला बायका आल्या की मी स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून घ्यायची. शेवटी दुकानात गेले, कॅटलॉग चाळले, भिंतींना गडद राखाडी रंग आणि ओट्यामागे खडबडीत काळ्या दगडाची डिझाइन पसंत करून आले. सव्वा लाख गेले. सगळ्या म्हणाल्या, "अगं, अगदी हॉटेलसारखं दिसतंय!" मी खूश. जैन घराच्या स्वयंपाकघराला कोणी हॉटेलसारखं म्हणावं, यात खूश होण्यासारखं काय आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

पुढच्या चातुर्मासात महासतीजी गोचरीला आल्या. सकाळचे साडेदहा वाजले असतील. बाहेर ढग भरून आलेले. सासूबाई सकाळपासून भावना भावत बसल्या होत्या. "मत्थएण वंदामि" म्हणत मी आत वळले, आणि त्या काळ्या खोलीत काही दिसेना म्हणून सवयीनं हात बटणावर गेला. दिवा लागला. महासतीजी जागीच थांबल्या. रागावल्या नाहीत, घर असूझतं झालं एवढं शांतपणे सांगितलं आणि पुढच्या घराकडे गेल्या. फुलके डब्यात तसेच राहिले. सासूबाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या दारातून गोचरी परत गेली नव्हती. त्या संध्याकाळी प्रतिक्रमण करताना त्यांचा आवाज कापत होता, तो मला अजून ऐकू येतो.

म्हणून आज ठासून सांगते. स्वयंपाकघराच्या भिंतीचा रंग हा हौसेआधी जयणेचा विषय आहे. आणि हल्ली आपल्या समाजात गडद, खडबडीत, चकचकीत स्वयंपाकघरांची जी लाट आली आहे, ती आपल्या धर्माच्या उलट दिशेनं वाहते आहे.

इरियावहियंचा पाठ आपण रोज म्हणतो. त्यात कशाकशाची नावं येतात ते आठवा. दव, मुंग्यांची बिळं, बुरशी, पाणी, ओली माती, कोळ्याची जाळी. हे सगळं कुठे दूर रानात नाही, सिंकच्या मागे आणि गॅसच्या कोपऱ्यात आहे. पाठात आपण त्यांची क्षमा मागतो आणि घरात अशी भिंत करतो की ते दिसणारच नाहीत. काळ्या दगडावरची मुंग्यांची रांग मला दिसायची नाही. ओला फडका फिरवून झाल्यावर फडक्यावर दिसायची. किती दिवस हे चाललं, कोण जाणे. न दिसणाऱ्या जिवाची जयणा कशी करणार? पुंजणी हातात असून उपयोग काय, जर डोळ्यांना काही कळत नसेल?

मला उत्तरं मिळतात, तीही सांगते.

पहिलं उत्तर, "काळ्यावर डाग दिसत नाहीत, सोयीचं पडतं." बाई गं, तक्रार तीच तर आहे! डाग असतो, फक्त दिसत नाही. तेलाचा थर बसतो, त्यावर पीठ बसतं, त्यावर जीव येतात. आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की काळ्या टाइलवर पांढरे ठिपके उमटतातच. म्हणजे घाण लपते आणि स्वच्छ पाण्याचा डाग मात्र दिसतो.

दुसरं उत्तर, "दिवे भरपूर लावलेत की." चौविहार करणाऱ्या घरात सूर्यास्ताच्या आत सगळं आवरायचं असतं. शेवटचा अर्धा तास उजेडाचा असतो आणि तोच घाईचा असतो. फिकट भिंत खिडकीतून आलेला उजेड परत खोलीत फेकते, गडद भिंत तो गिळून टाकते. मग पाच वाजताच दिवे लागतात, आणि दिव्यावर किडे येतात. दिवा लागणारच असेल तर पिवळसर उजेडाचा लावा, पांढऱ्याशुभ्र दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. पण आधी भिंत उजळ करा.

तिसरं उत्तर सगळ्यात मोठं, "आजकाल हेच चालतं." चालतं ना. खडबडीत दगडाच्या खाचांत तेल मुरतं, तिथे झुरळं होतात, मग वर्षातून दोनदा फवारणीवाला बोलवावा लागतो. एकीकडे फवारणी आणि दुसरीकडे पर्युषणात आठ दिवस हिरव्या भाजीचा त्याग. हा हिशोब कसा जुळवायचा? झुरळ मारायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. झुरळाला घर करून द्यायचं की नाही, हा प्रश्न टाइल निवडतानाच सुटतो.

सासूबाई लग्न होऊन आल्या त्या कापडबाजारामागच्या एका वाड्यात. स्वयंपाकघर अंधारं, खिडकी हातभर, ओटा कडाप्प्याचा. पण दरवर्षी दिवाळीआधी भिंतींना चुना लागायचा आणि चुन्यात चिमूटभर नीळ. चुना जागच्या जागी बुरशी धरू देत नाही, आणि निळीमुळे पांढरा रंग आणखी उजळ दिसतो. कॅटलॉग न बघता त्या बायकांना जे कळत होतं, ते मला सव्वा लाख घालवून कळलं.

हे काही आपल्याच वाड्यांत होतं असं नाही. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुरचनाकारानं साध्या कुटुंबांच्या घरांसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. जागा जेमतेम सव्वासहा फूट बाय अकरा फूट. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. त्यातल्या कपाटांना निळा रंग दिला होता, कारण माशा निळ्या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानलं जायचं. ते कितपत खरं हा भाग सोडा. पण रंग निवडताना त्यांनी पाहुण्यांचा नाही, माशीचा विचार केला. आपण तर अहिंसेचे वारस म्हणवतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मोठ्या बायकांनाही बोलते, नाहीतर त्या म्हणतील, बघा, आमचंच खरं. "आहे ते काय वाईट आहे, खर्च कशाला," असं म्हणून वीस वर्षांचा चिकट ऑइलपेंट आणि फुटक्या टाइल्स सांभाळणं म्हणजे अपरिग्रह नाही. टाइलच्या फटीत ओल राहिली की बुरशी येणारच. घरातल्या सुनेनं उजळ, धुता येणारी भिंत मागितली तर ती चैन करत नाही. तिला आयुष्यातले किती तास त्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आहे, याचा एकदा विचार करा. सुंदर दिसावं ही इच्छाही पाप नाही. देरासर आणि स्थानक आपण नीटनेटकं ठेवतोच ना?

मग करायचं काय? मी काय केलं ते सांगते.

त्या गोचरीनंतर सासूबाईंशी बोलले आणि तो काळा दगड काढायचा ठरवला. काम कार्तिकी पौर्णिमेनंतर काढलं. पावसाळ्यात भिंती वाळत नाहीत आणि जीवोत्पत्तीही जास्त. आधी एक दिवस सगळे कोपरे पुंजणीनं हलक्या हातानं झाडून घेतले, बिळं मोकळी होऊ दिली, मगच मिस्त्रीला बोलावलं.

माझा ओटा नऊ फूट लांब. मागे दोन फूट उंचीपर्यंत टाइल पुरते, म्हणजे अठरा चौरस फूट. एक फूट बाय दोन फुटी गुळगुळीत दुधी टाइल उभी लावली, तर बरोबर नऊ लागल्या आणि मधे फक्त आठ सांधे. जुन्या सहा इंचीच्या त्याच जागेत बहात्तर होत्या. फुटतील म्हणून दोन जास्तीच्या आणल्या. सांधे इपॉक्सीनं भरले, कारण साधा सिमेंटचा सांधा तेल आणि पाणी शोषून घेतो. टाइलच्या वर भिंतीला धुता येणारा इमल्शन रंग, फिकट बदामी. छत पांढरं. टाइल, मिस्त्री, रंग, रंगारी धरून बारा हजारांच्या आत काम झालं.

तुमच्या जुन्या टाइल्स धड असतील तर तेवढंही नको. बोटानं वाजवून बघा. पोकळ आवाज येत नसेल तर टाइल घट्ट आहे. सोड्यानं घासून घ्या, सांधे खरवडून इपॉक्सीनं पुन्हा भरा. पांढरी सहा इंची टाइल जुनी असली तरी जयणेला उत्तम. टाइलच बदलायची असेल तर घट्ट टाइलवरच नवी चिकटवता येते, तोडफोड वाचते. चिकटवायचे स्टिकर मात्र घेऊ नका. गॅसच्या उष्णतेनं कडा सुटतात आणि मागे झुरळांची वस्ती होते.

रंग निवडताना फरशीकडे बघा. जुन्या मोझॅकच्या ठिपक्यांतला सगळ्यात फिकट ठिपका भिंतीला घ्या, जुळून येतं. खिडकी उत्तरेला असेल तर क्रीम किंवा बदामी. पश्चिमेचं ऊन येत असेल तर फिकट आकाशी किंवा पिस्ता, आपल्या उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटतं. दोन फूट बाय दोन फूट तुकडा दोन भिंतींवर लावून बघा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी पाचला, दिवा न लावता. भिंतीत ओल असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर कुठलाच रंग टिकणार नाही.

शेवटचं आणि कडू. आपल्याकडे मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून कर्ज काढून स्वयंपाकघर बदलणारी घरं मी पाहिली आहेत. पाचवं अणुव्रत परिग्रहाच्या मर्यादेचं आहे. उपासकदशांग सूत्रातल्या आनंद श्रावकाकडे अमाप धन होतं, तरी त्यानं भगवान महावीरांसमोर प्रत्येक गोष्टीची मर्यादा बांधून घेतली. आपण फर्निचरवाल्यासमोर निदान आकडा तरी बांधून बसावं. आपल्या गावात आचार्य आनंदऋषीजींच्या नावाचं रुग्णालय आहे. वाचलेल्या पैशांना तिथे जागा आहे. आणि स्वयंपाकघराच्या टाइल बघून सोयरीक ठरवणारे पाहुणे परत गेले, तर जाऊ द्यावेत. गोचरी परत जाऊ नये.

यंदाच्या चातुर्मासात महासतीजी पुन्हा आल्या. तेव्हाही बाहेर ढगच होते. मी बटणाकडे बघितलंही नाही, गरजच पडली नाही. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं दोन फुलके वहोरवले.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. म्हणणं मात्र मागे घेत नाही.