सगळ्यात मागच्याचा वेग



थंडी पडली की आमच्या कुडव्यात धानाची पोती लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर दिसू लागतात आणि आम्हा चौघा मित्रांच्या सायकली भिंतीवरून खाली उतरतात. चौघे म्हणजे शाळेतले मास्तर, राइस मिलचे मुनीम, शिलाईचे दुकान चालवणारे टेलरभाई आणि आम्ही. चौघांनीही पंचेचाळिशी ओलांडलेली. दोघांकडे गिअरची सायकल, दोघांकडे जुनी काळी, दांडीवाली. या महिन्यात आमच्या सायकल सफरीविषयी लिहा, असा बऱ्याच घरांतून आग्रह झाला. लिहितो, पण तिच्यातली आमची चूकही लिहितो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरात तीन दिवसांची सफर ठरली. पहिल्या दिवशी गोरेगाव, कोहमारा करीत नवेगावबांध, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावच्या पुढे इटियाडोह धरण पाहून मुक्कामाला परत. तिसऱ्या दिवशी घर. आपल्या गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. पण आमच्यापैकी मुनीमांनी नवेगावचा बांध फक्त लग्नाच्या वरातीच्या गाडीतून पाहिला होता, आणि इटियाडोह तर कोणीच पाहिलेले नव्हते.

तयारी आम्ही मोठ्या हौसेने केली. पंक्चरचे सामान, हवेचा पंप, मागचा लाल दिवा, दोन जादा ट्यूब, पाण्याच्या बाटल्या. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरला बांधले, कारण पाठीवरचे ओझे पहिल्या तासात जाणवत नाही आणि चौथ्या तासात खांदे मोडते. सीटची उंची अशी ठेवली की पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. प्रवासात तीन जण असतील तर एकाला अमीर नेमावे, ही शिकवण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. वयाने मोठे म्हणून मास्तरांना अमीर केले. सायकल तपासली, रस्ता तपासला, हवामान पाहिले. एकमेकांना मात्र काहीच विचारले नाही.

फजरची नमाज पढून निघालो. धुके इतके की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसायचा. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, मधूनच तणसाचे ढीग. गोरेगावला चहा झाला. मास्तरांनी आणि आम्ही अंडी-रोटी खाल्ली. टेलरभाई म्हणाले, "रिकाम्या पोटी सायकल हलकी चालते," आणि नुसता बिनसाखरेचा चहा घेतला. आम्ही हसलो. मुनीम म्हणाले, "भाई, शुगरवाल्या म्हाताऱ्यासारखा चहा कशाला पितोस?" त्यावरही हसलो. टेलरभाईही हसले.

पुढे मुरदोलीचे जंगल लागते. एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला नवेगाव, आणि मधून हा रस्ता. जनावरे इकडून तिकडे जातात म्हणून गाड्यांनी तिथे वेग कमी ठेवायचा असतो. आम्ही मात्र उलट केले. ऊन वर आले, अंगात गरमी आली, मास्तर आणि आम्ही पुढे सुटलो. कोण आधी कोहमाऱ्याला पोहोचतो, अशी पैज लागली. मागे वळून पाहिले तेव्हा टेलरभाई दिसतच नव्हते.

थांबलो. दहा मिनिटांनी ते आले. सायकल रस्त्यावर नागमोडी चालली होती. थंडीत शर्ट घामाने भिजलेला, हात थरथरत होते. "काय झाले?" विचारले तर अंगावर ओरडले. हा माणूस गिऱ्हाइकावरही कधी आवाज चढवत नाही. आम्हाला वाटले, मागे सोडले म्हणून रागावले. मास्तर म्हणाले, राग शांत होऊ द्या, हळूहळू चला. तसेच कोहमाऱ्यापर्यंत नेले. तिथे मुंबई-कोलकाता महामार्गाचा चौक आहे, सतत ट्रकांची वर्दळ. त्या चौकाजवळ ते सायकलवरून उतरले आणि खालीच बसले.

चहाच्या टपरीवाल्याने एकदा पाहिले आणि विचारले, "भाऊ, यायले शुगर हाय का?" आम्ही तिघेही म्हणालो, नाही. तीस वर्षांची दोस्ती, आणि तिघांचेही उत्तर चुकीचे. टपरीवाल्याने आमचे ऐकलेच नाही. त्याच्या आईला तोच आजार होता. त्याने अर्ध्या ग्लास पाण्यात तीन-चार चमचे साखर ढवळली आणि घोट घोट पाजली. पंधरा-वीस मिनिटांत टेलरभाईंच्या डोळ्यांत ओळख परतली. मग त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून समोर ठेवली. सहा वर्षांपासून चालू होत्या. त्यांच्या पिशवीत अर्धा किलो खजूर होते. शुगर वाढेल म्हणून एकही खाल्ला नव्हता.

जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी जे समजावले ते इथे लिहून ठेवतो, कारण आपल्या घराघरांत हा आजार आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतात. मेहनतीनेही ती उतरते. गोळी घेतली, पोट रिकामे ठेवले आणि तीन-चार तास पॅडल मारले, की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. मग घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटे थांबायचे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यायची, आणि नंतर जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. 108 ला फोन करायचा. आणि साखर कमी होण्याच्या भीतीने सायकल सोडायची नाही. मधुमेहात व्यायाम हवाच. फक्त निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा आणि खाण्याच्या वेळा ठरवून घ्यायच्या.

डॉक्टरांनी त्या सफरीत पुन्हा सायकल चालवायला मनाई केली. नवेगावला रिकाम्या पिकअपमधून पोहोचलो. संध्याकाळी भाभींना फोन लावला. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ते म्हणाले होते, माझ्या दोस्तांना सगळे माहीत आहे, ते सांभाळतील." आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी इटियाडोहला कोणीच गेले नाही. आम्ही तलावाच्या काठाने पायी फिरलो. सात डोंगरांच्या कुशीतला हा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत इथे बराच काळ काढला आणि या जंगलाला मराठी पुस्तकांत आणले. काठावर पाणपक्षी होते, ऊन छान होते, आणि चौघेही गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी मास्तर आणि मुनीम सायकलने निघाले. आम्ही टेलरभाईंसोबत देवलगाव स्टेशनवरून पॅसेंजर पकडली. गाडीत आम्ही विचारले, का लपवले? ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सांगितले असते तर नेले असते का?"

वाचकहो, आम्ही त्यांना तोंडदेखले हो म्हणू शकलो असतो. पण खरे उत्तर 'नाही' होते. आम्ही म्हणालो असतो, भाई, तुम्ही आराम करा, पुढच्या वर्षी पाहू. आणि गोरेगावच्या चहावर जसे हसलो, तसे हसलो असतो. आजार त्यांनी लपवला हे खरे. पण तो लपवावा लागेल असे वातावरण आम्हीच वर्षानुवर्षे तयार केले होते. पुरुषांच्या मैत्रीत हा दोष फार आहे. एकमेकांचे धंदे, कर्ज, मुलांची लग्ने सगळे ठाऊक असते, आणि सोबत्याच्या खिशात कोणती गोळी आहे हे ठाऊक नसते.

नंतर आमच्या वाचनात मुंबईच्या सहा पारशी तरुणांची हकीकत आली. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे हे जवान 15 ऑक्टोबर 1923 रोजी सायकलवर जग पाहायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. बलुचिस्तान, इराण, इराक, पुढे सिरियाचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन. 18 मार्च 1928 ला, सुमारे 71,000 किलोमीटर कापून, मुंबईत परतले तेव्हा तिघेच होते: हकीम, बापासोला, भूमगरा. कापडिया तेहरानहून घरी परतले होते; बाकी दोघांची साथ अमेरिकेपर्यंतची. तिघांनी 1931 मध्ये पुस्तक काढले, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. आम्हाला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. अर्ध्या वाटेतून परतलेल्याचे नावही त्या हकीकतीत आहे. निघालेले सहा होते, हे कोणी पुसले नाही. आम्हालाही कोणी विचारले, नवेगावला किती जण गेला होतात, तर आम्ही चार सांगतो.

गेल्या जानेवारीत पुन्हा निघालो. या वेळी अमीर टेलरभाई. त्यांनी सफर तीन दिवसांची चार दिवसांची केली, रोजचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. नियमही त्यांचेच. निघण्याआधी चौघांनी आपापल्या डॉक्टरांना भेटायचे. आजार, गोळ्या आणि घरचा नंबर कागदावर लिहून चौघांच्याही खिशात ठेवायचा. (त्या कागदामुळे मुनीमांचे ब्लडप्रेशर आणि आमची हर्निया, दोन्ही बाहेर आले.) न खाता कोणी पॅडलवर पाय ठेवायचा नाही. दर तासाला थांबायचे, पाणी प्यायचे, टेलरभाईंनी यंत्रावर साखर तपासायची. आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याने सगळ्यात पुढे राहायचे, बाकीच्यांनी त्याच्या मागे. असे केले की कोणी मागे पडतच नाही. जोहर-असरचे थांबे त्यात आपोआप बसले. सूर्य कलायच्या आत मुक्काम. जंगलाच्या रस्त्यावर अंधारात चाक नाही.

मुरदोलीच्या जंगलातून या वेळी टेलरभाईंच्या मागे गेलो. दोन वर्षांपूर्वी पैजेच्या नादात जे दिसले नव्हते ते दिसले: रस्त्याकडेला चरणारी चितळे, आणि पुढे एका मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी तलावावर, सिंगाड्याच्या वेली. तिसऱ्या दिवशी इटियाडोहला पोहोचलो. गाढवी नदीवरचे हे धरण. जवळच गोठणगावला 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. भिंतीवर उभे राहून चौघांनी पाणी पाहिले. टेलरभाईंनी बोटाला सुई टोचली, यंत्रात आकडा पाहिला, पिशवीतून दोन खजूर काढून खाल्ले आणि उरलेले आम्हाला वाटले.

चौथ्या दिवशी घरी परतताना अर्ध्या वाटेवर पिकअप केला, कारण मास्तरांचा गुडघा दुखायला लागला. त्यांनी ते स्वतःहून सांगितले. कोणी हसले नाही. चारही सायकली पिकअपमध्ये टाकल्या आणि चौघेही त्यातच बसून मगरिबच्या आत कुडव्यात पोहोचलो.

तुमच्या घरातून कोणी दोस्तांबरोबर सफरीला निघत असेल, सायकलने, मोटरसायकलने किंवा गाडीने, तर डबा देताना एक कागदही द्या. त्यावर त्यांचा आजार, गोळी आणि घरचा नंबर लिहा. आणि त्यांच्या सोबत्यांना दारातच विचारा, यांच्याविषयी तुम्हाला काय काय माहीत आहे? आम्हाला हे कोणी विचारले असते तर बरे झाले असते.